पुसलेली पाटी

तीर्थस्वरूप दादास,

डोकं टेकवून नमस्कार (कानामागे टाके आहेत, त्यामुळे थोडं अधांतरीच टेकलंय, चालवून घे). तुझी कंबर कशी आहे? आणि वहिनींचा माझ्यावरचा राग?

मागच्या बुधवारी माझं ऑपरेशन झालं. घास चावला, वारा लागला, की उजव्या गालात जी वीज चमकायची, ती दातातली नव्हतीच. डोक्यात एक रक्तवाहिनी नसेला खेटून दर ठोक्याला तिला डिवचत होती. सर्जनबाईंनी कानामागे बटणाएवढी खिडकी पाडून दोघींच्या मधे टेफ्लॉनचा बोळा ठेवला. (हो, तव्यावर असतं तेच. तुझी भावजय म्हणते, आता ह्यांच्या डोक्याला सांगितलेलं काहीच चिकटणार नाही. आधी चिकटत होतं असं तिला वाटतं, हे ऐकून बरं वाटलं.) काल दोन वर्षांनी नीट दाढी केली, खिडकीत वाऱ्याला उभा राहिलो आणि रडलो.

ते सुखाने नव्हे. तू पहिल्याच दिवशी म्हणाला होतास, दात ठणठणीत आहेत, ही नस आहे, नसांच्या डॉक्टरकडे जा. मीच तुझ्या त्या खुर्चीला मिठी मारून बसलो, दात उपटल्याशिवाय उठणार नाही म्हणालो. तू विरघळलास आणि एक काढलास, मग दुसरा. तिसऱ्याला नाही म्हणालास, तेव्हा मी शिडी आणि पांढरा रंग घेऊन आलो आणि तुझ्या दवाखान्याची पाटी, जी मीच पाच दिवस खपून रंगवली होती, पेशंटांच्या देखत पुसून टाकली. चाळीस वर्षं पाट्या रंगवतोय, पण इतका सफाईदार हात कधी फिरला नव्हता. आठ महिने ती तशीच कोरी आहे असं कळलं. दुसऱ्या कोणाकडून तू रंगवून घेतली नाहीस, हे मला टाक्यांपेक्षा जास्त खुपतं. चुकलो, दादा.

तुझा,
धाकटा

ता. क. सर्जनबाईंनी विचारलं, नसेचा संशय पहिल्यांदा कोणाला आला? मी म्हणालो, मला. (दुसऱ्या दिवशी दुरुस्ती केली. खरंच.)

ता. क. उजवा गाल अजून बधिर आहे. थोबाडीत द्यायची असेल तर डावीकडे दे, नाहीतर वाया जाईल.

ता. क. महिन्याभरात रंग घेऊन येतो. शिडी चढायला बंदी आहे, पण खाली सख्खा भाऊ धरून उभा असेल तर हरकत नाही, असं बाई म्हणाल्या. खरं तर त्या असं काही म्हणाल्या नाहीत. तरी तू धर.