डोराच्या पट्ट्या

चेल्टनहॅम, ३ मार्च १८५२

आले एकदाची! ऑलर्डाइससाहेबांच्या घरात पाऊल टाकलं आणि हसू आवरेना. खुर्च्यांना सिंहाचे पंजे, जिन्यावर पिरॅमिड, दिवाणखान्यात चक्क मगरीची ममी. हे इजिप्तचं वेड सध्या गावभर आहे, पण इथं ते मुक्कामालाच आलेलं दिसतं. स्वयंपाकीण मिसेस पगमायर म्हणाली, धूळ झटकताना ती मगरीला रोज शिव्या घालते. माझं काम सोपं आहे. साहेबांच्या आईवेगळ्या डोराला शिकवायचं आणि सांभाळायचं. पोर गोड, पण फार अशक्त. पहिल्याच दिवशी माझ्या मांडीवर झोपली.

९ मार्च

दुपारी ममी उलगडायची मेजवानी झाली. आधी चहा-केक, मग मेजावर इजिप्तहून आणलेलं, पट्ट्यांत गुंडाळलेलं माणसाचं प्रेत. साहेब पट्ट्या कापत होते, बायका माना उंचावून बघत होत्या. आठवण म्हणून प्रत्येकीला कापडाचा तुकडा मिळाला. पाहुणे गेल्यावर साहेब त्या काळ्या चेहऱ्यापाशी बसून राहिले. मला म्हणाले, "हजारो वर्षं झाली, पापण्या अजून तशाच आहेत. माझ्या बायकोला आम्ही मातीत घातलं. तिचं काय उरलं असेल हो?"

मला फार कीव आली.

१६ मार्च

डोराचा घोटा दुखतो. साहेबांनी स्वतः पट्टी बांधली. हात किती हळुवार!

२० मार्च

पट्टी गुडघ्यापर्यंत गेली. दुखणं तर केव्हाच थांबलंय. विचारलं, तर साहेब म्हणाले, घट्ट बांधलं की जीव आत राहतो. मी डॉक्टरांच्या कानावर घातलं. ते हसून म्हणाले, बापाचं काळीज आहे, करू दे. त्या दिवशी मेजवानीत सगळ्यात पुढे तेच उभे होते.

२४ मार्च

कमरेपर्यंत. सोडवायला गेले तर पट्ट्या राळेनं चिकटलेल्या. साहेब आवाज चढवत नाहीत, गोड बोलतात, त्यानंच माझ्या काळजाचं पाणी होतं. उद्या पुन्हा मेजवानी आहे. ते पाहुण्यांत गुंतले की पोरीला उचलून ग्लॉस्टरला माझ्या बहिणीकडे पळायचं.

२५ मार्च, दुपार

दाराला बाहेरून कडी. खाली कपबश्या वाजताहेत — डोराचे हातही पट्ट्यांत गेले, चेहरा तेवढा उघडा — कात्री नाही, दातांनी तोडतेय — खिडकीतून ओरडले. अंगणातल्या बायकांनी वर बघून रुमाल हलवले.

डोरा हळूच म्हणाली, "रडू नका ना, मिस पीक. बाबा म्हणाले, तिकडे मला एकटीला करमणार नाही. म्हणून तुम्हालाही बांधणारेत."

साहेबांनी वर पाठवलेला मघाचा चहा — कडू लागला होता — बोटं जड —

जिन्यावर पावलं. साहेब म्हणताहेत, बायकांना पुढे येऊ द्या —

डोराचा श्वास चालू आहे. अजून चालू आहे. मी तिला सोडणार ना—