मशीनला माझी सवय झाली आहे

२ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी सहा.
डोळ्यांच्या डॉक्टरांनी आज पक्कं केलं. दोन्ही डोळ्यांतलं मधलं दिसणं गेलं, ते परत येणार नाही. कडेचं शाबूत राहील. म्हणजे मी दारावर आपटणार नाही, पण अक्षर आणि चेहरा संपला. सौ. म्हणाली, ऑफिसात सांगून टाका.
येताना रेकॉर्डर घेतला. बोटाएवढा, चार बटणं. रोजनिशी यापुढे तोंडी. ऐकणारा मी एकटा.
ठराव: ऑफिसात कोणाला कळता कामा नये. निवृत्तीला चार वर्षं आहेत. पंप कंपनीच्या मीटिंगांची इतिवृत्तं लिहिणाऱ्याला वाचता येत नाही म्हटल्यावर खुर्ची कोण ठेवील?

४ फेब्रुवारी.
योजना तयार. सतरा वर्षं मी हाताने लिहायचो आणि टायपिस्ट बाई टाइप करायच्या. आता मी रेकॉर्डरमध्ये बोलणार, संध्याकाळी तो कॉम्प्युटरला जोडून घरी जाणार. बोललेलं लिहून काढणारं सॉफ्टवेअर घातलंय. सकाळी मजकूर तयार.
बाईंना सांगितलं, आधुनिकीकरण आहे. म्हणाल्या, बरं सर. एवढंच. जुन्या लोकांना बदल झेपत नाही. (त्या माझ्याहून सात वर्षांनी लहान.)

५ फेब्रुवारी.
पहिला मजकूर कॉम्प्युटरकडून मोठ्याने वाचून घेतला. निम्मं कळलं नाही. पंख्याच्या आवाजाचा दोष. उद्या पंखा बंद.

६ फेब्रुवारी.
पंखा बंद. शर्ट ओला. मजकूर तसाच. हेडफोन लावायला विसरलो होतो, त्यामुळे शेजारच्या टेबलावर बाईंना सगळं ऐकू गेलं असणार. हसल्या मात्र नाहीत.

१० फेब्रुवारी.
एकही चूक नाही! माहितीपुस्तिकेत होतंच, मशीन आवाजाला सरावतं. मीही शब्द सुटे सुटे बोलतो. घरी सौ.शी तसंच बोलून पाहिलं. तिने विचारलं, बरं वाटत नाही का.

१३ फेब्रुवारी.
आजही शुद्ध. काल मी एक वाक्य अर्धं सोडलं होतं, मशीनने पुरं केलं. मीटिंगची तारीख चुकीची सांगितली होती, तीही सुधारली. विज्ञान कुठल्या कुठे गेलंय.
वॉचमन म्हणाला, बाई हल्ली साडेआठलाच येतात. मी दहाला पोचतो तेव्हा त्या घाईघाईने हेडफोन काढून ठेवतात. गाणी ऐकत असणार. हातात काम नाही, करणार काय बिचाऱ्या.

१७ फेब्रुवारी.
मोठे साहेब खूश. इतिवृत्त माझ्या हातात देऊन म्हणाले, तिसरा मुद्दा वाचा, काय नेमका लिहिलाय. मी कागद धरला, मान डोलावली, म्हटलं, जमलाय खरा. साहेब म्हणाले, कागद उलटा आहे. मी म्हटलं, पाठच आहे मला.
मग त्यांनी विचारलं, मशीन इतकं छान चालतंय तर बाईंना कशाला अडकवून ठेवायचं? गोदामात नोंदी ठेवायला माणूस हवाय. तशी शिफारस लिहून द्या. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. हो म्हटलं.

१८ फेब्रुवारी.
शिफारस बोलून ठेवली. मशीन सत्त्याण्णव टक्के अचूक आहे. टायपिस्टची गरज उरलेली नाही. त्या कामाच्या वेळात गाणी ऐकतात. हे शेवटचं जरा जड गेलं, पण खरं ते खरं. गोदाम काही वाईट नाही. पत्रा तापतो, एवढंच.
सौ.ला सांगितलं. म्हणाली, अक्षर दिसत नसलं तरी तुमचा तोरा बरा शाबूत आहे.

१९ फेब्रुवारी.
शिफारस सकाळी तयार होती. स्वच्छ. सहीच्या जागी जाड काळी रेघ होती, मला कडेने दिसेल इतकी जाड. प्रिंटर शाई सोडतोय बहुतेक. सही केली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार.
बाई रजेवर, दात काढायचाय. आणि मशीनने आज कहर केला. एक ओळ धड नाही. कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने पाहून सांगितलं, मशीनला काही झालेलं नाही, ते रोज असंच लिहितं. बाई रोज साडेआठला आपल्या कॉम्प्युटरवर तुमची फाइल उघडतात, तुमचा आवाज लावतात आणि दहाच्या आत दुरुस्त करून ठेवतात. तुम्हाला माहीत नव्हतं?
म्हटलं, होतं. मीच सांगितलंय तसं.
जेवणाचा डबा न उघडता परत आणला.

२५ फेब्रुवारी.
बाईंसमोर जाऊन उभा राहिलो. विचारलं, कधी कळलं तुम्हाला? म्हणाल्या, दिवाळीच्या सुट्टीनंतर, सर. तुम्ही माझ्या चेहऱ्याऐवजी कानाकडे बघून बोलायला लागलात. मग बोलला का नाहीत? म्हणाल्या, तुम्ही इतकी मेहनत घेत होतात लपवायला.
मग ती शिफारस? तीसुद्धा तुम्हीच नीट केलीत?
म्हणाल्या, हो. गरज उरलेली नाही, हे वाक्य तुम्ही दोनदा बोलला होतात. मी एकदाच ठेवलं. बाकी शब्दाला हात लावला नाही. आणि सर, गाणी नव्हती, तुम्हीच होतात.
दाताच्या टाक्यांमुळे हळूहळू बोलत होत्या. मला चेहरा दिसत नव्हता हे बरंच झालं. हे मनात आलं त्याचीही लाज वाटली.
ठराव: उद्याच साहेबांना सगळं सांगायचं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार.
काल दोनदा साहेबांच्या दारापर्यंत गेलो. पहिल्यांदा आत कोणीतरी होतं. दुसऱ्यांदा कोणी नव्हतं.
आज बाईंचा इथला शेवटचा दिवस. जाताना माझ्या कीबोर्डवरच्या दोन बटणांवर टिकल्या चिकटवून गेल्या, बोटाला लागाव्यात म्हणून. म्हटलं, सोमवारी नक्की बोलतो. म्हणाल्या, बघा जमलं तर.
साहेबांना द्यायचं पत्र बोलून ठेवलं. डोळे, बाई, शिफारस, सगळं कबूल.

२ मार्च, सोमवार. सकाळी साडेदहा.
पत्र ऐकलं. माझीच कबुली, पण ती कबुली आहे हे मलाही कळलं नाही. वाचून बघायला शेजारच्या टेबलावर कोणी नाही. आता तोंडानेच सांगावं लागणार. आधी सांगायचं, मग बाकीचं, असं ठरवलंय. गुरुवारीही ठरवलं होतं.
अकराला सगळे विभागप्रमुख मशीन बघायला येताहेत. साहेबांनी बारा खुर्च्या मांडून घेतल्यात. मी एक परिच्छेद बोलायचा आणि मशीनने तो त्यांच्यासमोर मोठ्या पडद्यावर उमटवायचा. काय उमटतंय ते त्या खोलीत एकट्या मला दिसणार नाही.