बिलाच्या रांगेत

प्रिय चिमणे,

हे पत्र लिहायला घेतलं आणि तीन कागद फाडले. शेवटी म्हटलं, डोक्यात आहे तेच लिहू. शनिवारी मी सेलला गेले होते. सुट्ट्या संपल्यावर लागतो तोच, आपल्या चारमजली दुकानातला. गर्दी म्हणजे काय सांगू! सरकत्या जिन्यावर तिघं माझ्या पायावर पाय देऊन गेले, आणि स्वस्त काय, तर मोजे आणि कुणालाच न होणारे कोट. आई म्हणायची ते खरंच आहे, एवढे धक्के खाऊन फुकट मिळालं तरी परवडायचं नाही.

पण आपल्याला परवडायचं. तू कोपरं मारत आत घुसायचीस आणि मी रिकाम्या हातानं आधीच बिलाच्या रांगेत उभी राहायचे. माझा नंबर येईतो तू हातभर ढीग घेऊन धापा टाकत यायचीस. मागचे ओरडले की उलट त्यांनाच दम द्यायचीस. एकदा बूट आणलेस ते दोन्ही डाव्या पायाचे निघाले, आठवतं? आई हसून हसून पलंगावरच बसली होती.

आईला जाऊन दोन वर्षं झाली. मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर माणसांशी बोलते, पण सगळं 'खालची ओळ दिसते का' एवढंच. घरी आले की रेडिओवरच्या बाईशी वाद घालते. ती बिचारी ऐकून घेते. फार एकटं वाटतं गं. आई गेली त्या दिवशी सगळ्यांच्या देखत मी तुला म्हणाले, तू काय, तासभर येऊन जाणारी पाहुणी. तेव्हापासून आपलं बोलणं नाही. रोज नोकरी करून, बस बदलून, आईचं जेवण घेऊन तू यायचीस, हे मला माहीत होतं. मी थकले होते, पण ते काही कारण नव्हे. चुकलं माझं.

तर शनिवारी मी सवयीनं थेट बिलाच्या रांगेतच उभी राहिले. अर्ध्या तासानं नंबर आला, काउंटरवरच्या मुलीनं सामानासाठी हात पुढे केला, आणि माझ्या हातात काहीच नाही! बहीण घेऊन येतेय, असं माझ्या तोंडून निघून गेलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बाजूला झाले.

आणि तेवढ्यात तू दिसलीस. दोन ब्लँकेटं छातीशी धरून. तू रांगेच्या शेवटी गेली नाहीस, टाचा उंच करून पुढच्या टोकाची एकेक तोंडं बघत होतीस. कुणाला शोधत होतीस ते मला कळलं, आणि मी, तुझी मोठी बहीण, शरमेनं खांबामागे लपले. तू बराच वेळ थांबलीस. मग ब्लँकेटं तिथंच ठेवून निघून गेलीस. म्हणून हे पत्र. सेल येत्या रविवारपर्यंत आहे. त्या दिवशी मी सकाळी दहापासून तिसऱ्या काउंटरपाशी असेन. नंबर आला की मागच्याला पुढे सोडून पुन्हा शेवटी जाऊन उभी राहीन, दुकान बंद होईपर्यंत. हातभर ढीग घेऊन ये, नाहीतर रिकामी ये. पण ये.

तुझी जागा धरून उभी असलेली,
तुझीच ताई