दिपालीने दिपालीचीच नक्कल केल्याबद्दल

कोणाकडे : माननीय प्राचार्यसाहेब, तंत्रनिकेतन, ताथवडे
कोणाकडून : सुहासिनी मुकुंद केळशीकर, मराठीच्या अध्यापिका, राहणार संत तुकाराम नगर, पिंपरी
कशाबद्दल : शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी दिपाली भिवा शेळके हिच्या नावापुढील ‘नक्कल’ हा लाल शेरा शुक्रवारच्या आत पुसून मिळण्याबद्दल
आधार : आपले परिपत्रक, तसेच अर्जदाराचे परत आलेले दोन अर्ज

प्राचार्यसाहेब, दंडवत.

१. ‘प्रति’, ‘विषय’ आणि ‘महोदय’ कुठे गेले, असे आपल्या मनात आले असेल. ते जप्त झाले आहेत. आपल्या परिपत्रकानुसार आता कोणताही कागद नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून गेल्याशिवाय पुढे सरकत नाही. शिक्षक-कक्षात त्याला लाडाने ‘फौजदार’ म्हणतात. अर्जदाराचा पहिला अर्ज फौजदाराने अडवला, कारण त्यातील मजकूर विद्यार्थ्यांच्या अर्जांतून उचललेला निघाला. अहो, अर्ज लिहायला त्या विद्यार्थ्यांना शिकवले अर्जदारानेच! दुसऱ्या अर्जात हेच समजावून सांगितले, तर तो पहिल्या अर्जाची नक्कल ठरला. हा तिसरा अर्ज सुटावा म्हणून अर्जदाराने आयुष्यभर शिकवलेला नमुना स्वतःच मोडला आहे.

२. हकीकत अशी की, अर्जदाराने वर्गाला ‘रजेचा अर्ज’ हा स्वाध्याय दिला होता. मुलांनी शिकवल्याप्रमाणे, अगदी शहाण्यासारखे अर्ज लिहिले. फौजदाराने सगळा वर्ग आत घेतला. एकटा मिहिर निर्दोष सुटला. त्याने लिहिले होते, ‘सर, गावाला जायचंय, सोडा ना राव, सोमवारी येतो, आईशप्पथ.’ त्यावर ‘संपूर्णतः मौलिक लेखन’ असे हिरवे प्रमाणपत्र छापून आले. मिहिरने ते घरी रहाटणीला नेऊन भिंतीवर लावले आहे असे ऐकिवात आहे. बाकीच्या मुलांनी शब्द फिरवून पुन्हा अर्ज दिले. अवधूतने ‘महोदय’च्या जागी ‘अहो वरिष्ठ’ घातले आणि तोही सुटला. अडकली ती दिपाली.

३. तिचे प्रकरण वेगळे आहे. मागच्या सत्रात आईच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा दिपालीने कार्यालयात खराखुरा रजेचा अर्ज दिला होता. स्वाध्यायातही तिने तोच विषय घेतला आणि तशीच वाक्ये लिहिली. फौजदाराने कार्यालयातला जुना अर्ज शोधून काढला, साम्य शंभर टक्के सांगितले आणि मूळ मालक म्हणून नाव दिले : दिपाली भिवा शेळके. अर्जदाराने तिला जाब विचारला. ती म्हणाली, ‘मॅडम, आई येकच हाय, डोळा बी त्योच. नवीन कुठनं आणू?’ याला उत्तर आपल्याकडे असल्यास कळवावे.

४. पूर्ण नक्कल असल्याने प्रकरण शिस्त समितीकडे गेले. समितीने दिपालीला दोन पत्रे पाठवली आहेत. एकात नक्कल करणारी म्हणून तिने हजर राहायचे आहे, दुसऱ्यात जिचा मजकूर चोरीस गेला ती म्हणून. दोघींनी समोरासमोर बसावे आणि एकमेकींवर दबाव आणू नये, अशी सूचनाही आहे. कार्यालयाचे निरंजन सदावर्ते भले गृहस्थ. त्यांनी तोड सुचवली की मूळ लेखिकेचे ना-हरकत पत्र आणा, प्रकरण मिटवू. दिपालीने तिथेच बसून लिहून दिले : ‘दिपालीने माझा अर्ज वापरण्यास माझी हरकत नाही.’ ते पत्रही फौजदाराने धरले. सगळीच ना-हरकत पत्रे एकसारखी असतात म्हणे! निरंजनरावांनी कपाळाला हात लावला.

५. आता हसू बाजूला ठेवून मुद्दा. शुक्रवारी चाकणच्या कंपनीत दिपालीची मुलाखत आहे. नावापुढे लाल शेरा असेल तर महाविद्यालय तिला पाठवणार नाही, आणि समितीची बैठक तर मुलाखतीनंतर आहे. तिचे वडील भिवा शेळके धाराशिवकडून येऊन चाकणलाच एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्र्याचे भाग दाबण्याच्या कामाला लागले. मुलगी त्याच रस्त्याने, पण इंजिनिअर म्हणून कामावर जाणार, हे ते सगळ्या शिफ्टला सांगून बसले आहेत. तिला सोडायला जाण्यासाठी त्यांनी शुक्रवारची रजाही काढली. तो अर्ज दिपालीनेच लिहून दिला, याच नमुन्यात. सुपरवायझरने तो वाचला, सही केली आणि म्हणाला, ‘याला म्हणतात अर्ज!’ आता त्या शॉपमधले सगळे तोच अर्ज उतरवून घेतात आणि कुणाचीही रजा अडत नाही. अर्जदाराला हे ऐकून फार आनंद झाला, आणि आपल्याच महाविद्यालयाचा तितकाच राग आला, हेही लिहिलेले बरे.

६. साहेब, कवितेत चोरी असते, प्रकल्पात असते, ती जरूर पकडावी. अर्जदार स्वतः फौजदाराला चहा पाजेल. पण अर्ज सारखेच असतात. सारखे असतात म्हणूनच साहेबाला पटकन कळतात आणि गरिबाचे काम होते. तेव्हा दिपालीचा शेरा पुसावा, तिला शुक्रवारी जाऊ द्यावे आणि अर्जाचा नमुना फौजदाराच्या तावडीतून सोडवावा, एवढेच मागणे आहे.

आपली
(यापुढचा शब्द फौजदाराकडे जमा आहे. भाव तोच समजावा.)
सुहासिनी केळशीकर
ताथवडे, मुलाखतीच्या आधीचा मंगळवार

सोबत : दिपालीला आलेली दोन्ही पत्रे, तिचे स्वतःला दिलेले ना-हरकत पत्र, मिहिरच्या प्रमाणपत्राची प्रत

प्राचार्यांचा शेरा :
शेरा पुसला. पोरीला जाऊ द्या, आणि वेळेवर पोचायला सांगा. आधी इथे ‘मंजूर’ लिहिले होते; निरंजनने तपासून आणले, साम्य शंभर टक्के. नमुन्याचे उद्या बघतो. आईशप्पथ.