एकशे बारा शंका आणि एक साल

खारूताई, आणि जगातल्या ज्या ज्या दुर्दैवी जीवांचं वाक्य कधी पूर्ण होऊ दिलं जात नाही ते सर्व! तुझं वाक्य तुझी आई तोडते, माझं माझी श्वासनलिका. तेव्हा आपण एकाच पक्षाचे. मामाचे आशीर्वाद. तुझ्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशांतल्या पेशी खुशाल असतील. (तू कशी आहेस ते तुझ्या आईकडून कळतं, सविस्तर आणि न विचारता.)

तू प्रबंध भाषा तपासायला पाठवलास, तिथून सगळं सुरू झालं. विषय माझ्याच गळ्यातला. गेल्या वर्षी न्यूमोनियात दोन आठवडे घशात नळी होती. ती काढल्यावर आतला व्रण भरून आला आणि भरतच राहिला, वाट अरुंद झाली. डॉक्टर फुगा घालून ती रुंदावतात, व्रण पुन्हा येतो. हल्ली मी जिना चढलो की अशी शिट्टी वाजते की शेजारीण धावत जाऊन कुकर बंद करते. आणि तू लिहिलंस की एका झाडाच्या सालीतलं द्रव्य असल्या व्रणाच्या पेशींची वाढ रोखतं! मी उभा राहून वाचलं.

पण काय गं ती भाषा! पानोपानी ‘कदाचित’, ‘असे दिसते’, ‘बशीतील पेशींपुरते’, ‘माणसांवर अद्याप तपासलेले नाही’. चाळीस वर्षं मी कामगारांपुढे बोललो. ‘कदाचित संप करू’ म्हटलं असतं तर एक तरी माणूस जागचा हलला असता का? लाल पेन घेतलं आणि एकशे बारा शंका छाटल्या. प्रबंध असा तळपायला लागला की वाचून मलाच पटला. (आपल्याच भाषणाने आपण पेटणं हा वक्त्यांचा जुना रोग. त्यावर कुठलीही साल चालत नाही.)

मग मी फुग्याची तारीख रद्द केली, काष्ठौषधीच्या दुकानातून ती साल आणली आणि तीन आठवडे उकळून उकळून प्यालो. पोटाने बंड केलं, गळ्याने दखलही घेतली नाही. शिवाय एका सभागृहात साठ माणसांपुढे तुझा शोध जाहीर करायला उभा राहिलो. “मित्रहो, ही साल” इथवर आलो आणि पुढे नुसती शिट्टी. लोकांना वाटलं, मध्यंतर झालं. सगळे चहाला गेले.

डॉक्टरबाईंनी दुर्बीण घालून पाहिलं. “आजोबा, पेनाच्या रिफिलएवढी वाट उरलीय. होतात कुठे तीन आठवडे?”

“संशोधनात.”

“कोणाच्या?”

तुझं नाव सांगितलं. (क्षमा कर.) त्या म्हणाल्या, “तिचा लेख वाचलाय मी. ती मुलगी तर फार जपून लिहिते हो!”

कालपासून तुझ्या शंका एकेक करून जागेवर बसवतो आहे. शहाण्णव झाल्या.

तुझा,
दर चार शब्दांनी थांबणारा मामा

ता. क. – ‘संशोधनाच्या मर्यादा’ या प्रकरणावर मी ‘भेकडपणा’ असा शेरा मारला होता, तो मागे घेतो.

आणखी ता. क. – गुरुवारी नऊ वाजता शस्त्रक्रिया. आता फुग्याने भागत नाही, नलिकेचा तेवढा तुकडा कापून टोकं जोडणार. आवाज राहील का, असं विचारलं. बाई म्हणाल्या, “बहुतेक.” मी वाद घातला नाही. भीती वाटते गं. संमतीपत्रावर नातेवाइकाची सही लागते, आणि तुझ्या आईला मी यातलं अवाक्षर सांगितलेलं नाही. गुरुवारी सकाळी सातला ये आणि सही कर.