चौदा आरोळ्यांची व्यवस्था

माणसाचा आवाज ही त्याची मालमत्ता धरता येते का? मला सांगता येणार नाही. पदवीला राज्यशास्त्र होते, त्यात हा प्रश्न कधी आला नाही.

तरीही मी, आमच्या बँडची गायिका, वय पंचवीस, घरातली पहिली पदवीधर, पूर्ण शुद्धीवर आणि राजीखुशीने हे लिहून ठेवते. दहा दिवसांपूर्वी माझ्या स्वरयंत्रावरची गाठ काढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तीन आठवडे एक शब्दही नाही. बोललीस तर आवाज गेला म्हणून समज." मी धडधाकट आहे, पण माझी सगळी इस्टेट घशात आहे, म्हणून ही घाई.

१. राहते घर वडिलांच्या नावे आहे, ते मला देता येत नाही. त्यांनी शिलाईची खोली सात वर्षे दर रविवारी तालमीला दिली आणि स्वतः भिंतीपलीकडे पायमशीनवर शिवत बसले. त्यांची तक्रार एकच: "तुमच्या ठोक्यावर पाय चालायची सवय झालीय. तुम्ही आला नाहीत की टाका वाकडा पडतो."

२. गाण्यांच्या तीन वह्या आईला. ती नेहमी म्हणते, "शब्द किती चांगले लिहितेस गं. मग कुणाला कळू नयेत म्हणून एवढी का ओरडतेस?" तिचे खरे असावे: कामगारांना राबवणाऱ्या मालकांवरच्या गाण्यावर आमच्या ड्रमरचा गॅरेजमालक पहिल्या रांगेत नाचला, आणि दुसऱ्या दिवशी ड्रमर उशिरा आला म्हणून त्याला घरी पाठवले.

३. माझा काळा कोट गिटारवाल्याला. तो दिवसा कवळ्या बनवतो. कोट तीन वर्षे त्याच्याच अंगावर आहे, मी फक्त कागदावर आणते.

४. बँडची घटना कुणालाही देऊ नये. ती मीच लिहिली, कारण चौघांत शिकलेली मी. प्रमुख कुणी नाही. निर्णय एकमताने. मत तोंडीच द्यायचे, कागद म्हणजे नोकरशाही. आणि जो गप्प बसेल तो राजी धरावा. हे शेवटचे कलम बेस वाजवणाऱ्या मावसभावासाठी. तो कुठल्याच बैठकीत तोंड उघडत नाही. या घटनेच्या आधारे आम्ही पंक बँडचे मेटल बँड झालो. दीड मिनिटाची गाणी नऊ मिनिटांची झाली, केस कमरेपर्यंत आले, धुराचे यंत्र आले, गाण्यांतला अन्याय जाऊन तिथे अंधार आला. प्रत्येक वेळी तासन्‌तास चर्चा करून मी राजी झाले. हा माझा दोष मला मान्य आहे.

५. चौदा आरोळ्या. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी गिटारवाला म्हणाला, "ताई, आठवण म्हणून रेकॉर्ड करून ठेवू." मी चौदा वेळा ओरडले, शब्दांवाचून. नंतर कळले की एका गादी कंपनीला जाहिरातीसाठी त्या हव्या आहेत. माणूस माझ्या आरोळ्यांवर तळमळणार, मग नवी गादी येणार आणि तो घोरणार.

काल, माझ्या मौनाच्या नवव्या दिवशी, गिटारवाल्याने त्या विकायचा ठराव मांडायला बैठक बोलावली. "तू बोलू नकोस हं, ताई, तब्येत जप. गप्प राहिलीस तरी चालतं. तूच लिहिलंयस."

मी पाटीवर 'विरोध' लिहून धरले.

"लेखी चालत नाही. नोकरशाही."

ड्रमर जमिनीकडे बघत म्हणाला, "ताई हो म्हणाली तर माझं हो." मावसभाऊ नेहमीसारखा राजी होता. गिटारवाल्याने विचारले, "मग मंजूर धरू?"

त्या चौदांपैकी एकही आरोळी कुणाला देऊ नये, विकू नये, माझ्यामागे वाजवू नये. हे मृत्युपत्रावर सोडलेले नाही. मी बैठकीत "नाही" म्हणाले. ओरडले नाही, हळूच म्हणाले, आणि तिघांनाही ते स्पष्ट ऐकू आले. ठराव पडला. आवाज राहिला की गेला, हे डॉक्टरीणबाई सोमवारी बघतील.

ठिकाण: शिलाईची खोली
दिनांक: शुक्रवार, ऑपरेशननंतरचा दहावा दिवस

साक्षीदार:
१. वडील, शिंपी
२. मावसभाऊ, बेसवादक (काही न बोलता सही केली)

लिहून ठेवणार: गायिका (सही)