पेटीतला माठ

आदरणीय दादा,

शिरसाष्टांग नमस्कार. (इथली फरशी इतकी तापली आहे की साष्टांग घालायची सोय नाही, तेव्हा सध्या उभ्यानेच स्वीकारावा.) वहिनींचे गुडघे काय म्हणतात? तुमची धाकटी बहीण, म्हणजे आमची सौ., मंगळवारी तडकाफडकी तुमच्याकडे निघून आली. तिनं काय काय सांगितलं असेल देव जाणे, म्हणून माझी बाजू मांडतो.

हवामान केंद्रात तापमान नोंदवणं हे माझं काम, तुम्हाला ठाऊकच आहे. गेले पंधरा दिवस सगळं गाव माझ्या नावानं बोंब मारत होतं. लोक भाजून निघत होते आणि माझ्या वहीत रोज एक्केचाळीस, म्हणजे नेहमीइतकंच. आकडा नेहमीपेक्षा साडेचार अंश वर गेल्याशिवाय उष्णतेची लाट जाहीर होत नाही, आणि लाट जाहीर झाल्याशिवाय शाळा बंद होत नाहीत. सौ. पत्र्याच्या वर्गात साठ पोरांना विज्ञान शिकवून लालबुंद होऊन घरी यायची आणि मी (माझी जीभ झडो) म्हणायचो, हा मनाचा खेळ आहे. वर ज्ञान पाजळायचो. हवेचा दाब वाढला की वरची हवा खाली दबते, दबली की सायकलच्या पंपासारखी तापते आणि ढगही धरू देत नाही. माती ओली असती तर निम्मं ऊन पाणी सुकवण्यातच खर्ची पडलं असतं, पण आपली माती कोरडी ठणठणीत, म्हणून सगळी उष्णता हवेत. वारा येतो तोही तापलेल्या माळावरून. हे सगळं खरं, पण आकडा म्हणजे आकडा!

मंगळवारी भर दुपारी ती केंद्रावर आली, आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. घसा कोरडा पडलेला. मी मोठ्या कौतुकानं अंगणातली उंच पायांची, झडपांची पांढरी पेटी उघडली (तापमापक हिच्यातच असतो, सावली आणि वारा दोन्ही मिळेल अशी दुसरी जागा गावात नाही) आणि आतल्या माझ्या छोट्या माठातलं गारेगार पाणी तिला दिलं. अर्धा पेला पिऊन तिनं पाझरणाऱ्या माठाकडे बघितलं, मग त्याला खेटून असलेल्या तापमापकाकडे.

"हा इथे कधीपासून आहे?"

पंधरा दिवस, मी अभिमानानं सांगितलं. तिनं उरलेला पेला माझ्या हातात दिला आणि थेट बसस्थानक गाठलं.

माठ बाहेर काढल्यावर अर्ध्या तासात पारा शेचाळीसवर! मी तसंच कळवलं. लाट जाहीर झाली, दुसऱ्या दिवशी शाळा बंद, आणि आता पोरं मला रस्त्यात बघून टाळ्या वाजवतात. दादा, मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तुमचा मेहुणा

ता.क. : अर्ध्या तासात पाच अंश कसे चढले, याचा वरिष्ठांनी खुलासा मागितला आहे. वाऱ्यावर ढकलून तीन पानं लिहिली होती, ती फाडली आणि माठाचं खरं ते लिहिलं. नोकरीचं व्हायचं ते होवो. तिला सांगा, शाळा बंद झाल्या, आता तरी परत ये.

ता.क. २ : थांबा. शाळा बंद म्हणजे तिला परत यायचं कारणच उरलं नाही, हे आत्ता डोक्यात शिरलं. शाळांचं तिला मुळीच सांगू नका.

ता.क. ३ : ती तिकडे असली की तुमची पत्रं तीच आधी फोडते, हेही आत्ताच आठवलं. अगं, ऊन खरंच होतं. तूच बरोबर होतीस. माठ घरी आणून ठेवलाय, रोज भरतो. ये.